पेजमेकरच्या अकराशे फायली आणि एक मेलेलं मशीन : काय करू?

बार्शीची_डीटीपीवाली विचारते :

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी बार्शीत १९९९ पासून डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कम्प्युटरवर पानं मांडायचं काम करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं, एखादं पुस्तक आलंच तर पुस्तक. सगळं पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. मध्ये ७ पण टाकून बघितलं, पण हाताला ६.५ च बसलेलं. गेल्या मंगळवारी माझं जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन गेलं. आधीपासून कुरकुरत होतं, दोनदा बटण दाबल्याशिवाय उठायचं नाही. दुरुस्तीवाल्या पोरानं उघडून मदरबोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर दाखवले आणि वर म्हणतो, "काकू, हे आता म्युझियमला द्या." त्याला चहा दिला नाही.

हार्डडिस्क ठीक आहे असं तो म्हणतो. तिच्यावर अकराशेच्या आसपास फायली आहेत, काही पी६५, काही पीएमडी. मुलानं घेऊन दिलेल्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि त्याला या फायली म्हणजे काय तेच कळत नाही. पांढरा कागद दाखवतो आणि विचारतो, कशानं उघडू?

पेजमेकर "बंद झालंय" हे मला २०११-१२ च्या सुमारास कळलं. पुण्याहून एक मुलगा बहिणीची पत्रिका करायला आला होता. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हे तर केव्हाच बंद झालं." मी म्हटलं, बंद कसं? सकाळीच तर उघडलं! तो हसला, मीही हसले, आणि पत्रिका त्याच बंद झालेल्यात करून दिली. त्यानंतर बारा-तेरा वर्षं त्याच बंद झालेल्यानं माझं घर चालवलं. कंपनीच्या कागदावर ते कधी मेलं असेल ते असो, माझ्याकडे ते गेल्या मंगळवारी मेलं. आणि खोटं कशाला सांगू, मी रडले.

आणखी एक खरं सांगते, इथे कुणी ओळखत नाही म्हणून. माझी पेजमेकरची सीडी विकतची नव्हती. सोलापुरातून आणलेली, वर मार्करनं लिहिलेलं "पीएम ६.५ + कोरल ९ + फोटोशॉप ५.५". तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांकडे तीच सीडी, अक्षर पण एकाच माणसाचं. म्हणजे कंपनीच्या हिशोबात आम्ही गिऱ्हाईक नव्हतोच कधी. मग तक्रार कुणाकडे करणार? मराठी लिपीचं सॉफ्टवेअर मात्र मंगळसूत्र गहाण ठेवून रीतसर घेतलं होतं, कारण मशीनला मागे त्याचा लॉक जोडल्याशिवाय ते चालायचं नाही. तो करड्या रंगाचा पंचवीस पिनांचा लॉक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लॅपटॉपला तो लावायला भोकच नाही.

आता घाई कशाची ते सांगते. इथल्या एका निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह मी २००४ मध्ये केला होता. १२८ पानं, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायचे असे आठ फर्मे. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलींना दुसरी आवृत्ती काढायची आहे, श्राद्धाच्या आत. पुन्हा टाईप करायला माझी ना नाही, पण त्या पुस्तकाचं प्रूफ गुरुजींनी स्वतः चार वेळा वाचलं होतं. एकेका अनुस्वारासाठी सायकलवरून यायचे. पुन्हा टाईप केलं तर पुन्हा चुका होणार, आणि या वेळी तपासायला ते येणार नाहीत.

तर : फायली उघडायच्या कशा? लॉकचं काय करू? आणि कृपा करून "नवीन सॉफ्टवेअर शिका" एवढंच लिहू नका. ते मलाही कळतं.

---

टिळकरोडचा_प्रेसवाला :

ताई, आधी एक काम करा. त्या हार्डडिस्कला हात लावू नका, म्हणजे दुसऱ्या मशीनला जोडून "चालू होतंय का बघू" असं काही नको. आयडीई-यूएसबी अडॅप्टर मिळतो. वेगळा वीजपुरवठा असलेला घ्या, नुसत्या यूएसबीवर साडेतीन इंची डिस्क फिरत नाही. अख्खा फायलींचा फोल्डर आणि विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. दुसरी प्रत पेनड्राईव्हवर. मग मूळ डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात.

फॉन्टचा फोल्डर मुद्दाम लिहिलाय, कारण सगळे तो विसरतात. फायलीत अक्षरं नसतात, नुसते नंबर असतात. कोणत्या नंबराला "क" दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो. फॉन्ट गेला की गुरुजींची कविता म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

लॉकबद्दल : त्याच्या मागे लागू नका, बहुतेक लागणारच नाही. लॉक हवा असतो तो टाईप करायला, कारण कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम त्याच्यावर बांधलेला असतो. नुसतं उघडून बघायला, छापायला, पीडीएफ करायला टीटीएफ फॉन्ट तेवढा पुरतो. यूएसबीचं पॅरलल अडॅप्टर घेऊन पैसे घालवू नका. त्यातलं बरंचसं फक्त प्रिंटर ओळखतं, लॉक ओळखत नाही. मी दोन घेऊन बसलोय.

त्यानंतर लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात एक्सपी, आणि एक्सपीत पेजमेकर. मशीनच्या पोटात मशीन. त्याला इंटरनेट जोडू नका, गरज नाही.

आणि रडलात त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या प्रेसमध्ये १९९३ साली खिळ्यांच्या, म्हणजे जुळणीच्या शिशाच्या अक्षरांच्या, केसेस भंगारवाल्यानं किलोवर नेल्या, तेव्हा आमचे फोरमन दोन दिवस आले नव्हते. खिळे वितळवून शिशाचे निदान पैसे आले. पेजमेकरचं तर भंगारही होत नाही.

---

पिक्सेलभाऊ :

काकू, मान आहे, पण २००१ साली शेवटची मोठी आवृत्ती आलेल्या गोष्टीसाठी एवढं? पानं मांडायला आता इनडिझाईन आहे, ते घ्या, दोन आठवड्यांत हात बसेल. आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत काम करा, नाहीतर पुढच्या पिढीला तुमचं काही वाचताच येणार नाही. कटू वाटेल, पण वीस वर्षं होती की बदलायला.

---

बार्शीची_डीटीपीवाली :

पिक्सेलभाऊ, शेवटची ओळ लिहिली होती ना मी?

वीस वर्षं होती हे कबूल. पण ती कशी गेली ते सांगते. लग्नसराईत दिवसाला पंधरा पत्रिका. बापाला संध्याकाळी ट्रेसिंग पेपरवर प्रिंट हवं असतं, कारण रात्री स्क्रीन प्रिंटिंगवाला छापणार आणि सकाळी पहिली पत्रिका भगवंताच्या देवळात ठेवायची. त्या वेळी नवीन काही उघडून बसलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात. सीझन संपला की अहवाल, अहवाल संपले की दिवाळी. आणि महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं सॉफ्टवेअर मी एका कार्डाच्या कितीवर बसवू? दुकानाचं भाडं वेगळंच आहे.

युनिकोडचं तुमचं बरोबर. पण पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं, हा माझा दोष नाही.

प्रेसवाले दादा, अडॅप्टर मागवला. फॉन्टचा फोल्डर डोक्यातच नव्हता, पाया पडते.

---

मडगांवकार :

ताई, तुमचं वाचून माझी जखम उघडी पडली. माझं प्रेम पेजमेकर नव्हे, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फ्रीहँड. पणजीत जाहिरात कंपनीत होतो, तियात्राची, म्हणजे कोकणी नाटकांची, पोस्टरं आणि हॉटेलांची मेन्यूकार्डं त्याच्यातच केली. एकाच फायलीत दहा पानं वेगवेगळ्या मापाची ठेवता यायची. त्याच्या स्पर्धक इलस्ट्रेटरला एका फायलीत एकापेक्षा जास्त आर्टबोर्ड, म्हणजे पानं, २००८ मध्ये मिळाली, तेव्हा त्याची केवढी जाहिरात! आम्ही ते कधीचं करत होतो.

तुम्ही म्हणता, तक्रार कुणाकडे करायची. फ्रीहँडवाल्यांनी करून बघितली, म्हणून ही गोष्ट सांगतो. पेजमेकर आणि फ्रीहँड दोन्ही विकायची आल्डस कंपनी. पेजमेकर तिचंच, १९८५ चं, आधी मॅकिंटॉशवर. फ्रीहँड मात्र आल्टसिस नावाच्या दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं. १९९४ मध्ये आल्डस अ‍ॅडोबीत विलीन झाली. अ‍ॅडोबीकडे इलस्ट्रेटर होतं, म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन्ही सॉफ्टवेअरं एकाच घरात. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ते अडवलं. फ्रीहँड आल्टसिसला परत द्या, आणि दहा वर्षं आमच्या परवानगीशिवाय पुन्हा घेऊ नका. मग ते मॅक्रोमीडियाकडे गेलं. दहा वर्षं संपली, आणि २००५ मध्ये अ‍ॅडोबीनं अख्खी मॅक्रोमीडियाच विकत घेतली. २००७ मध्ये जाहीर झालं की फ्रीहँडची पुढची आवृत्ती येणार नाही. दहा वर्षांचा सुतकाचा काळ पाळला म्हणा ना!

तेव्हा जगभरच्या फ्रीहँडवाल्यांनी संघटना काढली, "फ्रीहँड मोकळं करा" म्हणून. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावाही लावला. पुढे तडजोड झाली. फ्रीहँड काय परत आलं नाही. मी रोज त्यांचे निरोप वाचायचो. जपानातला कोण, जर्मनीतला कोण, सगळे माझ्यासारखेच वेडे. आपल्याकडे पैसे देऊन घेतलेली प्रत होती, म्हणून भांडायला तोंड होतं. तुम्ही सीडीचं खरं सांगितलंत ते मला आवडलं. पेजमेकरवाले भारतात एवढे असूनही गप्प का राहिले, ह्याचं उत्तर त्या मार्करच्या अक्षरात आहे.

---

वेलांटी_आधी :

मी जर्मनीत प्रोग्रॅमर आहे, पण वडिलांचा प्रेस होता साताऱ्याला, त्यामुळे हा धागा सोडवेना.

ताई, एक्सपी बसवेपर्यंत धीर नसेल तर एक फुकट वाट आहे. लिबरऑफिस टाका आणि त्यातल्या ड्रॉमध्ये फाईल उघडा. लिबरऑफिस ४.४ पासून, म्हणजे २०१५ पासून, पेजमेकरच्या फायली त्यात उघडतात. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायलींची रचना उलगडून त्यांना वाट काढून देणारी मंडळी आहेत, कंपनीच्या मदतीशिवाय, एकेक बाईट बघून. पण अपेक्षा बेताची ठेवा. मजकूर येतो, मांडणी विस्कटते. पुस्तकासाठी मजकूरच हवा असेल तर तेवढंही खूप.

आता खरी अडचण. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपले तुकडे बसवलेले असायचे : काना एक तुकडा, अर्धा त एक तुकडा, रफार एक तुकडा. जागा अपुऱ्या पडल्या म्हणून मिळेल ते भोक वापरलं. त्यातल्या १६० आणि १७३ नंबरच्या जागा आजच्या सॉफ्टवेअरला "न तुटणारी मोकळी जागा" आणि "अदृश्य जोडरेघ" वाटतात. त्यामुळे तिथे बसवलेलं अक्षर गुपचूप गायब होतं. सगळं नीट दिसतंय असं वाटतं, आणि पानात एखादाच तुकडा नसतो. हे नजरेनं पकडणं महाकठीण.

दुसरं, वेलांटी. जुन्या फॉन्टात "कि" टाईप करताना ि आधी, क नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये क आधी. रफाराचं उलटं : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून युनिकोडला बदलणारा प्रोग्रॅम नुसता तुकड्याला तुकडा बदलून चालत नाही, त्याला उड्या माराव्या लागतात. जोडाक्षरावर वेलांटी आली की नवशिका प्रोग्रॅम हमखास पडतो.

आणि तिसरं खास मराठी. फुकटचे बरेच कन्व्हर्टर हिंदीसाठी लिहिलेले. त्यांना आपला अर्धा ऱ कळत नाही. "दऱ्या"चं "दर्या" करतात. गुरुजींच्या कवितेत डोंगर असतील तर समुद्र निघेल.

---

टिळकरोडचा_प्रेसवाला :

वा! हे शेवटचं आमच्या फोरमनना ऐकवायला हवं होतं.

ताई, आणखी एक. आमच्याकडे इनडिझाईन सीएस६ आहे, एकदाच पैसे भरून घेतलेलं. ते पेजमेकर ६ पासून पुढच्या फायली थेट उघडतं. पुढच्या, भाडं भरायच्या सीसीवाल्या आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. अडलंच तर फाईल आणि फॉन्ट पाठवा, मी बदलून देतो. पैसे नकोत.

फाईल उघडताना पेजमेकर कुरकुरलं तर जुना उपाय लक्षात आहे ना? काही निवडायचं नाही, कळा दाबून हायफनेशनवर जायचं आणि कान द्यायचा. एक बीप म्हणजे फाईल ठणठणीत, दोन म्हणजे बिघडलं होतं ते सावरलं, तीन म्हणजे हात जोडा.

---

बार्शीची_डीटीपीवाली :

दादा, बीप! मी विसरलेच होते. माझा धाकटा लहान असताना दोन बीप आले की टाळ्या वाजवायचा.

नऊ दिवसांनी लिहितेय, रागावू नका. काय काय झालं ते सांगते.

डिस्क निघाली, सगळ्या फायली आल्या. फॉन्टही आले. लिबरऑफिसमध्ये गुरुजींची फाईल उघडली तर खरंच मजकूर आला. पण कवितांच्या ओळी एकमेकींच्या अंगावर, पंढरीच्या वारीत धक्काबुक्की व्हावी तशा. मग मुलानं रात्री फोनवरून सांगत सांगत व्हर्च्युअलबॉक्स बसवून दिलं. त्या छोट्या चौकोनात एक्सपी सुरू झालं, ती हिरवी टेकडी दिसली आणि मला एकदम १०० युनिट वीजबिलाचे दिवस आठवले. पेजमेकर टाकलं. सीडी तीच, सोलापूरची. एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही.

लॉक लागला नाही. दादा, तुमचं खरं निघालं. टाईप होत नाही, पण दिसतं सगळं. १२८ पानं जशीच्या तशी, मास्टर पेजवरच्या त्या वेलीसकट. मुलींना नक्षी नको होती, गुरुजी हट्टाला पेटले होते.

पीडीएफ केली. मग वेलांटीताई/दादा (कोण ते माहीत नाही), तुम्ही सांगितलं म्हणून युनिकोडचीही एक प्रत काढून बघितली आणि पीडीएफ शेजारी ठेवून वाचली. पान ४१ वर "दऱ्याखोऱ्यांत" होतं, त्याचं "दर्याखोर्यांत" झालं होतं. तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या डोळ्यांखालून गेलं असतं. अशा एकूण तेवीस जागा सापडल्या. एका कवितेत तर "ष्ट" सगळीकडचा गायब, म्हणजे ती तुमची अदृश्य भोकं. कष्टाची कविता होती, नेमका कष्टच गेला.

ठरवलं असं : दुसरी आवृत्ती जुन्या पीडीएफवरूनच छापायची. गुरुजींनी पास केलेली पानं ती. युनिकोडची प्रत मुलींना वेगळी देणार, त्यांना मोबाईलवर वाचायला.

आता एक गंमत. उघडतंय म्हटल्यावर मी रात्री बारापर्यंत जुन्या फायलीच उघडत बसले. पेजमेकरात पानाच्या बाहेर जी पांढरी जागा असते, तिच्यावर काढून ठेवलेलं तसंच राहतं, आठवतंय ना? २००६ ची एक लग्नपत्रिका उघडली. पान एकदम साफ. आणि बाहेर डावीकडे सात नावं पडलेली. मुलाचे तीन चुलते, त्यांच्या बायका आणि एक आत्या. मला सगळं आठवलं. छपाईच्या आदल्या दिवशी भाऊबंदकी पेटली, "यांची नावं काढा". मी काढली, पण पुसली नाहीत, बाजूला ओढून ठेवली. कारण मला माहीत होतं, संध्याकाळी "घाला" म्हणून येतील. संध्याकाळी आले. चार घाला म्हणाले. ती चार छापलेल्यात आहेत, प्रत काढून बघितली. मग बाहेर सात कशी? तर मी नावं आत कॉपी केलेली, पुन्हा काढा म्हणतील म्हणून.

पीडीएफमध्ये हे येत नाही. पीडीएफमध्ये पानाच्या आतलंच येतं.

पिक्सेलभाऊ, मुलानं स्क्रायबस टाकून दिलंय. फुकट आहे, आणि देवनागरी सरळ लिहिता येतं. परवा एक पावतीपुस्तक केलं त्याच्यात. दीड तास लागला. पूर्वी वीस मिनिटं. शिव्या मनातल्या मनात दिल्या.

प्रेसवाले दादा, एकच राहिलं. पेजमेकरात बिल्ड बुकलेट म्हटलं की पानं फर्म्यासाठी आपोआप पुढेमागे लागायची. ती सोय इथे कुठे सापडत नाही. १६ पानी फर्मा हातानं लावायचा का?

---

टिळकरोडचा_प्रेसवाला :

हातानं नको. पीडीएफ तशीच पाठवा, एकेक पान क्रमानं. फर्मा हल्ली प्लेट करणारा लावतो. फक्त आतल्या, बांधणीच्या बाजूला दोन मिलिमीटर जास्त सोडा, आणि त्या वेलीची नक्षी कडेला किती जवळ आहे ते मोजून सांगा, कटिंगमध्ये जायला नको.

---

बार्शीची_डीटीपीवाली :

सात मिलिमीटर. गुरुजींनी पट्टी लावून मोजलं होतं.